आवाज फुटण्याच्या वयातले गाणे

सकाळची शाळा भरते, घंटा होते, पटांगणात ओळी लागतात आणि राष्ट्रगीताला आरंभ होतो. नांदेड-लातूरकडील एखाद्या माध्यमिक शाळेत हा नित्याचा विधी कान उघडे ठेवून ऐकला, तर संगीतशिक्षणाचा अर्ध्याहून अधिक प्रश्न त्या ५२ सेकंदांत उघडा पडतो. पुढे उभ्या केलेल्या चार मुलींपैकी जी धीट असते ती आपल्या गळ्याला मानवेल असा, काळी चार किंवा काळी पाचचा, षड्ज धरते. पाचवी-सहावीची पोरे तिच्या पाठोपाठ खुशाल निघतात. परंतु नववी-दहावीच्या ओळींत मात्र कोणी नुसते ओठ हलवितो, कोणी हनुवटी छातीला टेकवून खालच्या सप्तकात पुटपुटतो, आणि शेवटचा जयघोष जेव्हा तार षड्जावर चढतो तेव्हा एखाद्याचा आवाज मध्येच चिरकून मागच्या रांगेत दबलेला हशा पिकतो. गणिताचे सर डोळे वटारतात, हशा ओसरतो, मुले वर्गात जातात, आणि घडलेल्या गोष्टीची नोंद शाळेच्या कोणत्याही दफ्तरात होत नाही.

ज्याच्या आवाजावर ते हसणे झालेले असते तो मुलगा मात्र ती नोंद करून ठेवतो. आपल्याला गळा नाही, गाणे हे आपले काम नव्हे, असा निकाल तो स्वतःविरुद्ध स्वतःच देतो, आणि या निकालावर पुढे अपील होत नाही. तो मोठा होतो, वकील होतो, तलाठी होतो, आडतीचा व्यापारी होतो, आणि संगीतातले आपल्याला काही कळत नाही हे वाक्य चारचौघांत काहीशा प्रौढीने उच्चारू लागतो. या दोन जिल्ह्यांतील शाळांमध्ये संगीत शिकविले जाते की नाही, किती तासिका दिल्या जातात, शिक्षक कोठून आणावयाचे, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. तथापि आठवी ते दहावी या तीन वर्षांत मुलाला गाण्यापासून तुटू न देणे हे माध्यमिक शाळेतील संगीतशिक्षकाचे पहिले कर्तव्य आहे, आणि गवई घडविण्याची गोष्ट त्यानंतरची, असे मला वाटते.

या वयात कंठामध्ये काय घडते ते पाहू. मुलगा साधारणतः बारा ते पंधरा वर्षांचा होईतो त्याचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि त्याचा आवाज अखेरीस सुमारे एक सप्तक खाली येऊन स्थिरावतो. मुलींच्या कंठातही बदल होतो. पण तो दोन-तीन अर्धस्वरांचा, सौम्य, आणि आवाजात काही काळ मिसळणाऱ्या श्वासाच्या फुसफुशीवरूनच ओळखू येणारा असतो, म्हणून त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. मुलाच्या बाबतीत अडचण अशी की हे सगळे एका रात्रीत किंवा एका ठरीव गतीने होत नाही. काल जो गंधार सहज लागला तो आज लागत नाही, खालचे सूर अजून आलेले नसतात आणि वरचे निघून गेलेले असतात, मधले चार-पाच सूर काय ते हाताशी उरतात. नवी खोंडे औताला जुंपली की पहिले काही दिवस तास वाकडे पडायचेच, हे ज्या शेतकऱ्याला पुरते ठाऊक आहे, तोच आपल्या मुलाचा गळा वाकडा चालला की त्याला गप्प बसावयास सांगतो.

गप्प बसविण्याच्या बाजूने मोठमोठ्यांची साक्ष काढता येते. स्वरयंत्र आरशात पाहण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकात प्रसिद्धीस आणणारा गायनाचार्य मान्युएल गार्सिया हा आवाज बदलण्याच्या काळात गायन थांबवावे अशा मताचा होता, आणि युरोपात हे मत दीर्घकाळ मानले गेले. पुढे अमेरिकेतील शाळांत वृंदगान शिकविणाऱ्यांनी त्याला हरकत घेतली. जॉन कुक्सी यांनी १९७०च्या दशकात मुलांच्या आवाजाच्या या उतरणीचे टप्पे पाडून दाखविले, आणि प्रत्येक टप्प्यावर जेवढे सूर हाती आहेत तेवढ्यांतच, ताण न देता, मुलाने गात राहावे असा मार्ग सुचविला. आपल्याकडचा दाखला हवा असेल तर कुंदगोळच्या रामभाऊंचा, म्हणजे पुढे सवाई गंधर्व म्हणून विख्यात झालेल्या गायकाचा, घ्यावा. बालपणीचा त्यांचा गोड गळा वयात येताना घोगरा झाला, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तालमीत प्रदीर्घ मेहनतीने तो पुन्हा वळणावर आला. त्या वर्षांत कोणी त्यांना ‘तुला गळा नाही’ असे सांगून घरी धाडले असते आणि त्यांनी ते ऐकले असते, तर भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल यांना शिकावयास दुसरे दार शोधावे लागले असते.

आता हे साठ मुलांच्या वर्गात कसे साधावयाचे? मुलींचा षड्ज काळी चारचा, आवाज उतरलेल्या मुलग्यांचा काळी एकचा. एकच पट्टी धरून सगळ्यांना गावयास लावले की निम्मा वर्ग ओरडतो किंवा निम्मा वर्ग पुटपुटतो. बहुतेक ठिकाणी शिक्षक मुलींची सोय पाहतात, कारण स्नेहसंमेलनात स्वागतगीत त्याच म्हणणार असतात. पण पेटीच्या पट्ट्या थोड्या निराळ्या नजरेने पाहिल्या तर एक सुंदर सोय दिसते. काळी चारचा मध्यम हाच काळी एकचा षड्ज असतो. मुलींनी काळी चारमध्ये दुर्गा रागाचे पाच स्वर घ्यावेत, सा, रे, म, प, ध. पेटीवर ते काळी चार, काळी पाच, काळी एक, काळी दोन आणि पांढरी चार या पट्ट्यांवर पडतात. आता मुलग्यांनी काळी एकला षड्ज मानून भूप गावा, सा, रे, ग, प, ध. बोटे पुन्हा त्याच पाच पट्ट्यांवर पडतात. पट्ट्या पाचच, हवा तीच, पण एका बाजूला दुर्गा आणि दुसऱ्या बाजूला भूप असे दोन राग एकाच वर्गात एकाच वेळी नांदतात. ज्यांचे बालपण हैदराबादेत गेले त्या पंडित जसराजांनी स्त्री आणि पुरुष गायकांना आपापल्या पट्टीत, आपापल्या रागात एकत्र गाता यावे म्हणून जी जुगलबंदी रूढ केली, तिच्या मुळाशी स्वर तेच ठेवून षड्ज बदलण्याचे, म्हणजे मूर्च्छनेचे, हेच तत्त्व आहे. परंतु त्याचा शाळेतील उपयोग मैफलीतील उपयोगापेक्षा कमी मोलाचा नाही. मुलींनी दुर्गा रागाचा आरोह म्हणावा, मुलग्यांनी भूपाचा अवरोह म्हणावा, आणि दोन्ही गटांना आपला षड्ज सोडावा लागू नये, एवढी योजना केली की घोगऱ्या आवाजाचा मुलगा प्रथमच आपल्या गळ्याच्या घरी येतो. ज्याला पाचही स्वर येत नाहीत त्याने सा आणि प एवढेच धरून तंबोऱ्याचे काम करावे. ते काम हलके मानण्याचे कारण नाही, कारण तासभर षड्ज ढळू न देता उभे राहणे हे पुष्कळ तानबाजांनाही जमत नाही.

याखेरीज काही आवाज असे उरतात की ज्यांच्याकडून वर्षभर गायनाची अपेक्षाच करू नये. त्यांच्या हाती ताल द्यावा. आणि तालाचा विषय निघाला की नांदेड-लातूरचा शिक्षक किती श्रीमंत आहे आणि ती श्रीमंती त्याला किती कमी ठाऊक आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

या प्रदेशातील खेड्यातून येणाऱ्या मुलाचा कान कोरा नसतो. वर्षातून एकदा तरी गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, दुपारी गाथाभजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, असे सात दिवस हे मूल नादात वावरत असते. हरिपाठाच्या ओळीत टाळ घेऊन पावली टाकणारे नऊ वर्षांचे पोर आठ मात्रांचा भजनी ठेका पायांनी मोजते, आणि समेवर पाय पडला नाही तर पुढचा टाळकरी त्याला धक्का देऊन ती चूक तत्काळ दुरुस्त करतो. संगीताच्या कोणत्याही वर्गात इतकी शीघ्र तपासणी होत नाही. मृदंगाच्या धुमेला कणीक किती लावावी, ती वाळली की नाद कसा कोरडा पडतो, हे ज्याला हाताने ठाऊक आहे असा आठवीतला मुलगा शाळेत मात्र ‘मात्रा म्हणजे काय?’ या प्रश्नावर निरुत्तर होतो, आणि गुणपत्रिकेत त्याच्या नावापुढे ‘ब’ श्रेणी पडते. औशाच्या नाथ संस्थानातील चक्रीभजन, माहूरच्या रेणुकेचे आणि तुळजाभवानीचे गोंधळी, त्यांचे संबळ आणि तुणतुणे, मार्गशीर्षातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्याच्या हाती घुमणारी दिमडी, लातूर भागातील वीरशैव घरांत ऐकू येणारे मन्मथस्वामींचे अभंग, हे सारे या मुलांच्या कानांत आधीच साठलेले असते. नांदेड शहरातील मुलाच्या कानी तर आणखी एक धारा येते. १७०८ साली गुरू गोविंदसिंग जेथे ज्योतीत विलीन झाले त्या हुजूर साहिबात पहाटेपासून कीर्तन चालते. गुरू ग्रंथसाहिबाची रचनाच मुख्यतः ३१ रागांच्या अनुक्रमाने लावलेली आहे, आणि तीत नरसीच्या नामदेवांची ६१ पदे त्या त्या रागाखाली समाविष्ट आहेत. नरसीपासून नांदेड किती जवळ! नामदेवांची वाणी पंजाबात गेली, रागांत बसली आणि ग्रंथरूपाने गोदातीरी परत आली, ही गोष्ट इतिहासाच्या तासाला सांगतात की नाही याची मला शंका आहे. परंतु संगीताच्या तासाला ती सांगून मुलांना गुरुद्वारात नेऊन बसविले, तर राग ही पाठ्यपुस्तकातील व्याख्या नसून रोज गायिली जाणारी वस्तू आहे हे अर्ध्या तासात उमगते.

ही साठवण घेऊन आलेल्या मुलापुढे पुष्कळ शिक्षक पहिल्याच दिवशी फळ्यावर नादाची व्याख्या लिहितात. गावठी चाली वर्गात नकोत, येथे शास्त्रीय संगीत शिकविले जाते, अशी एक सोवळी वृत्तीही काही ठिकाणी आढळते. वस्तुतः वारकऱ्याचा मृदंग आणि मैफलीतला पखवाज यांच्यामधली वाट मराठवाड्यात चांगली रुळलेली आहे. लातुराहून फार दूर नसलेल्या अंबाजोगाईचे शंकरबापू आपेगावकर त्याच वाटेने चालत गेले, आणि १९८६ साली पद्मश्रीचा बहुमान पावले. तेव्हा भजनी ठेक्याच्या आठ मात्रा मुलाच्या हातातून काढून घेऊन फळ्यावर मांडाव्यात, त्याशेजारी केरव्याच्या आठ मांडाव्यात, मग दादऱ्याच्या सहा, झपतालाच्या दहा, एकतालाच्या बारा आणि त्रितालाच्या सोळा, असे क्रमाने जावे. मुलाला आपल्याला जे येते त्याचीच ही नावे आहेत असे वाटले पाहिजे. अभंगाच्या माहितीच्या चालीवरून स्वर काढण्याचे कामही असेच करता येते. चाल आधी, सरगम मागून.

येथे स्वरलेखनाचा प्रश्न येतो, आणि त्याविषयी थोडे थांबून बोलणे इष्ट. संगीत वर्गात बसवून शिकविता येते ही कल्पनाच आपल्याकडे फारशी जुनी नाही. १८७४ साली पुण्यात गायन समाज निघाला, १८८६ साली बडोद्यास सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा उघडली, १९०१ साली विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, आणि विष्णु नारायण भातखंड्यांनी दहा थाटांची व्यवस्था लावून क्रमिक पुस्तकांची मालिका सिद्ध केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य, ही भातखंडे पद्धतीची चिन्हे तेरा वर्षांच्या मुलाला दोन तासांत येतात. त्यांचा उपयोग मोठा आहे. पण तो स्मरणाला आधार म्हणून. मूल वहीत पाहून गाऊ लागले की समजावे, वही लवकर दिली. अगोदर महिना-दोन महिने कानाने शिकावे आणि मग वही उघडावी, हा क्रम आपल्या जुन्या तालमीलाही धरून आहे.

मराठवाड्यात ही नवी व्यवस्था इतर महाराष्ट्राच्या मानाने उशिरा पोहोचली, याचे कारण राजकीय होते. निजामी अमदानीत माध्यमिक शिक्षणावर उर्दूचा अंमल होता, मराठी शाळा मोजक्या होत्या, आणि समूहाने गाणे ही सरकारच्या दृष्टीने संशयास्पद बाब होती. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ गाण्यास मनाई झाली, ती न जुमानणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी करण्यात आली, आणि त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्या पदरी घेतले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली आणि हे दडपण गेले. अशा काळातही नांदेडात अण्णासाहेब गुंजकरांसारखे गुरू होते, आणि त्यांच्या तालमीत तयार झालेले, १९३५ साली जन्मलेले नाथराव नेरळकर पुढे संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराचे मानकरी ठरले. आज नांदेडात शंकरराव चव्हाणांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या ‘संगीत शंकर दरबारा’त देशातील नामवंत कलावंत येऊन गातात-वाजवितात. श्रवणाची सोय आहे. शाळांनी आपली नववीची मुले तेथे नेऊन बसवावीत. दोन तास कंटाळली तरी हरकत नाही, कंटाळतानाही कानावर काही पडतच असते.

शाळेतील व्यवस्थेविषयी मात्र फारसे चांगले लिहिण्यासारखे नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीच्या ज्या शाळेत शंभरांवर मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली आहे. पण कला म्हणजे चित्रकला हे समीकरण आपल्या शिक्षणखात्यात इतके मुरलेले आहे की संगीताच्या वाट्याला प्रार्थना, स्वागतगीत आणि पाहुणे उशिरा आले तर वेळ काढणे एवढेच उरते. जेथे संगीतशिक्षक आहे तेथे तो बहुधा मराठीचे किंवा समाजशास्त्राचे तास घेऊन उरल्या वेळात पेटीला बसतो. त्यातही मुलांना लळा लावणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांचे गुणगान करण्याने मंजूर पदांची संख्या वाढणार नाही, म्हणून ते येथे करीत नाही.

लातुराची गोष्ट थोडी वेगळी, कारण लातूर हे परीक्षेचे गाव आहे. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने जी अभ्यासाची रीत गाजली तिने दूरदूरच्या जिल्ह्यांतील मुले या शहरात आणून सोडली. भाड्याच्या खोलीत तिघे-चौघे, दोन वेळची मेस, पहाटेपासून शिकवण्या. अशा खोलीत तबल्यावर थाप पडली तर आधी शेजारचा भिंत ठोकतो आणि मग घरमालक येतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षांना बसणारी मुले येथे नसतात असे नाही. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना दहावीत काही वाढीव गुण मिळण्याची सोय झाल्यापासून तर संगीतवर्गांची दारे वाजू लागली आहेत. या गुणांविरुद्ध नाके मुरडणाऱ्या रसिकांशी मी सहमत नाही. पालक गुणांसाठी मूल पाठवितो, पण मूल गुणांसाठीच थांबते असे नाही. निमित्त काही का असेना, चौदाव्या वर्षी त्याचा गळा षड्जाशी बांधलेला राहिला हे थोडे झाले काय? माझा आक्षेप निराळा आहे. गुण मिळण्यासाठी ठरावीक परीक्षा ठरावीक मुदतीत पार पाडाव्या लागतात, आणि ती मुदत नेमकी आवाज बदलण्याच्या वर्षांत येते. मग वर्गचालक मुलाला त्याच्या जुन्या पट्टीतच रेटतो, मुलगा शिरा ताणून प्रात्यक्षिक उरकतो, प्रमाणपत्र घेतो आणि दहावीचा निकाल लागला की पेटी पोटमाळ्यावर जाते. अशा मुलाला ती दोन वर्षे तबल्याकडे, हार्मोनियमकडे किंवा बासरीकडे वळविले तर परीक्षाही होते आणि गळाही वाचतो. एवढे तारतम्य मात्र शिक्षकापाशी हवे.

वाद्यांविषयी सांगावयाचे झाले तर पुष्कळ शाळांत ती असतात. देणगीदाखल आलेली पेटी आणि डग्गा-तबल्याची जोडी डेड स्टॉकच्या नोंदवहीत क्रमांकासह चढलेली असते, आणि क्रमांक चढला की वस्तू हरवण्याची अथवा मोडण्याची जबाबदारी कोणाच्या तरी डोक्यावर बसते. म्हणून ती कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात राहते. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि आम्हा मराठवाड्यातल्यांचा १७ सप्टेंबर, असे वर्षातून तीनदा ती बाहेर निघते. तेव्हा पेटीच्या दोन पट्ट्या दबूनच राहिलेल्या असतात, भात्याला उंदराने भोक पाडलेले असते, वैशाखात कडक ताणलेली तबल्याची पुडी श्रावणाच्या ओलाव्याने सैल होऊन तिचा आवाज खाली बसलेला असतो, आणि ठोकून सुरात आणणारा हात गावात शोधावा लागतो. वाद्य वापरात असले की यातले पुष्कळसे घडतच नाही, हे कोणताही पेटीवाला सांगेल. म्हणून मुख्याध्यापकांनी ती किल्ली नववीच्या वर्गातील एखाद्या घोगऱ्या, चुळबुळ्या, गाण्याच्या तासाला मागे लपणाऱ्या मुलाकडे द्यावी, दर शनिवारी पेटी-तबला काढणे, पुसणे आणि तबला सुरात लावणे हे त्याचे काम ठरवून टाकावे, आणि मोडतोड झालीच तर दुरुस्तीचा खर्च कोणत्या बाबीखाली टाकावयाचा ते शाळेच्या लेखनिकावर सोपवावे; स्नेहसंमेलनाचा मंडप दरसाल हिशेबात बसविणाऱ्या माणसाला तेवढे अवघड जाऊ नये.